वॉरंटीची भाषा: नॉर्मनचा इतिहास आणि तिच्या बोली

फ्रिज किंवा मिक्सर घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, "गॅरंटी आहे की वॉरंटी?" दुकानात या दोन शब्दांचे अर्थ वेगळे, पण मूळ एकच. हमी देण्याशी संबंध असलेला, फ्रँक या जर्मानिक लोकांच्या भाषेतला एक जुना शब्द आजच्या फ्रान्सच्या भूमीवर रुजला. पॅरिसच्या बाजूला त्याच्या आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला. वायव्येला, समुद्रकाठच्या नॉर्मंडीत 'व' तसाच राहिला. इंग्लंडने हा शब्द आधी नॉर्मंडीकडून उचलला, पुढे 'ग'चं रूपही घेतलं, आणि इंग्रजीच्या मागोमाग दोन्ही आपल्याकडे आले. वसतिगृहाचा वॉर्डन आणि फाटकावरचा गार्ड ही अशीच जोडी. क्रेडिट कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट आणि ईमेलच्या शेवटी लिहायचं रिगार्ड्स ही आणखी एक.

ज्या भाषेचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नाही, तिचे शब्द आपल्या तोंडी असे रोज येतात. ही भाषा म्हणजे नॉर्मन. फ्रान्सचा वायव्य किनारा आणि त्याच्या समोरची काही छोटी बेटं, एवढंच तिचं आजचं घर. तिथेही ती बोलणारी माणसं बहुतांशी वृद्ध आहेत. तिच्यावर सर्वांत जास्त अन्याय केला तो एका गैरसमजाने: नॉर्मन म्हणजे बिघडलेली फ्रेंच, हा तो गैरसमज. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रोमन सत्ता गेल्यावर आजच्या फ्रान्सच्या उत्तर भागात लोक जी लॅटिन बोलत होते, ती प्रदेशाप्रदेशाने बदलत गेली. या उत्तरेकडच्या बोलींना 'ओइल' गट म्हणतात, कारण तिथे 'हो'साठी 'ओइल' म्हणत. दक्षिणेत 'ओक' म्हणत. पिकार्ड, वॉलून, गालो, नॉर्मन आणि पॅरिस परिसराची बोली या सगळ्या त्याच गटातल्या, एकाच पिढीतल्या. पुढे राजाची गादी पॅरिसला स्थिरावली, दरबार आणि कायदा तिथून चालू लागला, आणि तिथल्या बोलीला 'फ्रेंच' हे नाव मिळालं. नॉर्मन फ्रेंचपासून फुटलेली नाही. दोघी लॅटिनमधून आल्या, फक्त एकीला राजधानी मिळाली.

नॉर्मंडीत मात्र लॅटिनवर आणखी एक थर चढला. नवव्या शतकात उत्तरेकडून व्हायकिंग टोळ्या सेन नदीतून आत शिरून लूटमार करत होत्या. त्या थोपवता येईनात, तेव्हा ९११ मध्ये फ्रँक राजा चार्ल्सने त्यांच्यातल्या रोलो नावाच्या सरदाराला सेनच्या मुखाजवळचा प्रदेश देऊन टाकला. अट अशी की आता त्यानेच हा भाग राखायचा. 'उत्तरेची माणसं' म्हणून ते नॉर्मन, आणि त्यांचा मुलूख नॉर्मंडी. ९३३ मध्ये पश्चिमेचा कोताँताँ द्वीपकल्पही रोलोच्या मुलाकडे, विल्यमकडे आला.

हे लोक घरी नॉर्स बोलत. पण त्यांनी संसार थाटले ते मुख्यतः स्थानिक स्त्रियांशी, आणि मुलं आईची भाषा बोलू लागली. हा बदल किती झपाट्याने झाला याची एक बोलकी नोंद अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या द्यूदो या इतिवृत्तकाराने ठेवली आहे. रोलोच्या मुलाला, विल्यमला, आपल्या मुलाने, रिचर्डने, पूर्वजांची भाषा शिकावी असं वाटत होतं. पण राजधानी रुआँमध्ये तोवर रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून आलेली, भाषाच जास्त चाले, म्हणून त्याने मुलाला बायो या गावी धाडलं, कारण तिथे अजून 'डॅनिश', म्हणजे नॉर्सच, बोलली जात होती. म्हणजे रोलोच्या नातवाला स्वतःची वडिलोपार्जित भाषा शिकायला परगावी जावं लागलं.

नॉर्स भाषा गेली, पण गावांच्या नावांत घट्ट बसली. ओढ्याला नॉर्समध्ये 'बेक्र' म्हणत, त्यावरून बोलबेक, ब्रिकबेक. घरवाडीच्या जागेला 'टॉफ्ट', त्यावरून इव्हतो. टोकी नावाच्या कुणा नॉर्स माणसाचं नाव आणि त्याला लॅटिन वळणाचं 'विल' जोडून तोकव्हिल. बेटांच्या नावांतलं शेवटचं 'ऊ', जसं तातिऊ किंवा जेथू, हे नॉर्समधल्या बेटवाचक 'होल्म'चं झिजलेलं रूप. समुद्राशी संबंधित शब्दांत तर नॉर्सचा वाटा मोठा आहे. आज अख्खा फ्रान्स लाटेला 'व्हाग' आणि लॉब्स्टरला 'ओमार' म्हणतो, ते शब्द या नॉर्मन खलाशांनी दिलेले.

आता थोडं उच्चारांबद्दल. हा भाग किचकट वाटतो, पण एकदा लक्षात आला की इंग्रजीतल्या कितीतरी गोष्टी उलगडतात.

लॅटिनमध्ये मांजराला 'कात्तुस', गाईला 'व्हाक्का'. पॅरिसकडे 'अ'च्या आधीचा 'क' मऊ पडून 'च' आणि मग 'श' झाला: मांजर 'शा', गाय 'व्हाश'. नॉर्मनने 'क' राखला: मांजर 'का', गाय 'व्हाक'. 'ग'चंही तसंच. बागेला फ्रेंचमध्ये 'झार्दँ', नॉर्मनमध्ये 'गार्दँ'. इंग्रजी 'गार्डन' कुणाकडून आलं, हे वेगळं सांगायला नको. 'कॅच' आणि 'चेस' हे तर एकाच लॅटिन शब्दाचे दोन अवतार. पहिला नॉर्मन, दुसरा पॅरिसचा. क्रिकेटमधली 'विकेट'ही नॉर्मनच: छोट्या फाटकाला नॉर्मन लोक 'विकेट' म्हणत, फ्रेंचमध्ये तोच शब्द 'गिशे' होऊन आज तिकीट खिडकीवर जाऊन बसला आहे.

दुसरा नियम याच्या उलट जातो. 'ए' आणि 'इ'च्या आधीचा लॅटिन 'क' पॅरिसमध्ये अखेर 'स' झाला आणि नॉर्मंडीत 'च'. फ्रेंच 'सरीझ', नॉर्मन 'चरीझ', त्यावरून इंग्रजी 'चेरी'. नवा फोन 'लाँच' होतो त्या लाँचमधला 'च'ही असाच आलेला. फ्रेंचमध्ये तिथे 'स' आहे. एखादा इंग्रजी शब्द आणि त्याचं फ्रेंच भावंड शेजारी ठेवलं आणि इंग्रजीत 'क' तर फ्रेंचमध्ये 'श', किंवा इंग्रजीत 'व' तर फ्रेंचमध्ये 'ग' दिसला, तर तो शब्द बहुधा नॉर्मनमार्गे आलेला असतो.

'क' कुठे टिकला आणि कुठे बदलला याची सीमा नकाशावर आखता येते. शार्ल झोरे या नॉर्मंडीतच जन्मलेल्या अभ्यासकाने १८८३ मध्ये ती दाखवली, म्हणून तिला झोरे रेषा म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रानव्हिलजवळून ती निघते आणि नॉर्मंडीला आडवी छेदत पूर्वेला जाते. उत्तरेला 'व्हाक', दक्षिणेला 'व्हाश'. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ही रेषा नॉर्मंडीच्या सरहद्दीवरून जात नाही, तिच्या मधून जाते. दक्षिण नॉर्मंडीतल्या बोली या बाबतीत पॅरिसच्या जवळच्या, आणि रेषेच्या उत्तरेला नॉर्मनच्या जोडीला पिकार्डही आहे. म्हणजे 'क' राखणं हे व्हायकिंगांचं देणं नाही. राज्यांच्या सीमा आणि भाषांच्या सीमा क्वचितच एकमेकींवर बसतात, आणि बोलींचे नकाशे पाहताना हे कायम मनात ठेवायला हवं.

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढची काही शतकं इंग्लंडच्या राजवाड्यात, न्यायालयात आणि वरिष्ठ वर्गात नॉर्मन वळणाची भाषा चालली. तिथे ती आपल्या वाटेने बदलली, तिला अँग्लो-नॉर्मन म्हणतात. या भाषेत मोठं साहित्य झालं. रोलाँच्या सुप्रसिद्ध वीरगाथेचं सर्वांत जुनं हस्तलिखित ऑक्सफर्डला आहे, ते अँग्लो-नॉर्मन लिपिकाच्या हातचं. जर्सी बेटावर जन्मलेला वास हा कवी नॉर्मंडीतल्या काँ या शहरात वाढला, बायोच्या चर्चमध्ये पद मिळवता झाला, आणि त्याने नॉर्मन ड्यूकांचा इतिहास पद्यात रचला. राजा आर्थरच्या 'गोल मेजा'चा पहिला ज्ञात उल्लेखही त्याच्याच ११५५ च्या काव्यात आहे. जगाला ठाऊक असलेलं ते मेज प्रथम मांडलं एका बेटकऱ्याने, आणि आज त्याच बेटाच्या भाषेला कुणी गावंढळ म्हटलं की मला खरोखर वाईट वाटतं.

इंग्लंडमधून ही भाषा हळूहळू ओसरली. १३६२ मध्ये कायदा झाला की न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांनी ती पुढेही बरीच शतकं सोडली नाही. आपल्या कोर्टातले 'वॉरंट' आणि 'बेलिफ' त्याच परंपरेतून आलेले. आपल्याकडे बेलिफ म्हणजे नोटीस बजावायला दारात येणारा कर्मचारी. जर्सीत मात्र बेलिफ हा बेटाचा प्रमुख न्यायाधीश असतो, इतका मानाचा पदाधिकारी. लंडनच्या संसदेत आजही विधेयकाला राजाची मंजुरी जाहीर करताना कारकून म्हणतो, "ल र्वा ल व्हू", राजाची तशी इच्छा आहे.

माझ्या मते नॉर्मनचं नशीब १०६६ पेक्षा १२०४ ने जास्त ठरवलं. त्या वर्षी इंग्लंडचा राजा जॉन नॉर्मंडीची मुख्य भूमी फ्रान्सचा राजा फिलिप याच्याकडे हरला. समोरची बेटं मात्र त्याच्याकडे राहिली. कोताँताँच्या किनाऱ्यापासून जर्सी जेमतेम २२ किलोमीटरवर आहे, पण तेव्हापासून दोन्हीकडे सत्ता वेगळी. बेटं आजही युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत, थेट ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीत आहेत. तिथले लोक राजाला आपला ड्यूक मानून त्याच्या नावाने प्याला उंचावतात.

जुना नॉर्मन कायदाही तिथे जिवंत आहे. कुणी तुमच्या जागेत बेकायदा भिंत घालत असेल तर तुम्ही तिथेच गुडघे टेकायचे, साक्षीदारांसमोर तीनदा "आरो!" ओरडायचं आणि "माझ्या राजा, धाव, माझ्यावर अन्याय होतोय" असं फ्रेंचमध्ये म्हणायचं. न्यायालय निर्णय देईपर्यंत समोरच्याला काम थांबवावं लागतं. जर्सी आणि गर्न्सीत ही तरतूद आजही वैध आहे.

मात्र बेटांवर नॉर्मन ही लोकांची भाषा असली तरी कारभाराची भाषा प्रमाण फ्रेंच होती. चर्च, कोर्ट, विधिमंडळ सगळीकडे फ्रेंच; घरात, शेतात, होडीवर नॉर्मन. पुढे पाहुण्याच्या काठीने साप मारावा तसं काहीतरी घडलं: एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीने फ्रेंचची जागा घ्यायला सुरुवात केली आणि धक्का बसला तो नॉर्मनला. ब्रिटिश शिबंदी आली, निवृत्त अधिकारी राहायला आले, पर्यटन वाढलं, लंडनशी व्यापार जुळला. १९०० मध्ये जर्सीच्या विधिमंडळात इंग्रजीत बोलायला परवानगी मिळाली. शाळेत मुलं इंग्रजी शिकू लागली आणि आईबाप घरातही इंग्रजीवर आले.

प्रत्येक बेटाची नॉर्मन वेगळी. जर्सीची ती झेरिये. तिची एक खूण कानाला लगेच जाणवते: दोन स्वरांमधल्या 'र'चा तिथे इंग्रजी 'मदर'मधल्या 'द'सारखा उच्चार होतो. फ्रेंच 'पेर' म्हणजे वडील, झेरियेत 'पेद'; आई 'मेद'. दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो, पण ११८ चौरस किलोमीटरच्या या बेटावर तर पूर्व आणि पश्चिम भागांचे उच्चारही वेगळे. बेटावर समुद्रशेवाळ गोळा करून बटाट्याच्या शेतात खत म्हणून घालत, त्याला 'व्राक' म्हणतात. वादळाने किनाऱ्यावर फेकलेल्या वस्तूसाठीच्या जुन्या उत्तरेकडच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. आणि झेरिये समुद्रापलीकडेही लिहिली गेली. जॉर्ज द ला फोर्ज या टोपणनावाने लिहिणारा जर्सीचा एक माणूस उत्तर अमेरिकेत जाऊन स्थायिक झाला, आणि १९८० च्या दशकात मृत्यू येईपर्यंत बेटावरच्या वर्तमानपत्राला आपल्या भाषेत लेख पाठवत राहिला. फ्रँक ल मेत्र यांचा झेरिये-फ्रेंच शब्दकोश १९६६ मध्ये आला. आजची शिकवणी त्याच्याच पायावर उभी आहे.

गर्न्सीच्या नॉर्मनला जेर्नेझिये म्हणतात. निरोप घेताना तिथे "आ ला पर्शॉइन" म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. जॉर्ज मेतिव्हिए (१७९० ते १८८१) हा तिथला मोठा कवी. त्याने बेटाच्या भाषेत कविता छापल्या आणि १८७० मध्ये शब्दकोशही काढला. व्हिक्टर ह्यूगो १८५५ ते १८७० या काळात गर्न्सीत परागंदा होऊन राहत होता. बेटावरचे कोळी ऑक्टोपसला 'प्यव्र' म्हणत. ह्यूगोने तो शब्द आपल्या १८६६ च्या, याच बेटावर घडणाऱ्या कादंबरीत वापरला, आणि बघता बघता तो पॅरिसच्या फ्रेंचचा शब्द झाला.

सार्क हे मोटारींना बंदी असलेलं अगदी चिमुकलं बेट. १५६५ मध्ये राणी एलिझाबेथने ते जर्सीच्या एका जमीनदाराला दिलं आणि त्याने ४० कुटुंबं नेऊन वसवलं, बहुतेक जर्सीच्या पश्चिमेकडच्या सेंट वान पॅरिशमधली. त्यामुळे सार्कची सेर्किये ही सोळाव्या शतकात जर्सीहून निघालेली शाखा. तिचे जन्मजात भाषक आता बोटांवर मोजण्याइतके आहेत.

ऑल्डर्नीची कहाणी सर्वांत दुःखद. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी तिथे बंदर आणि किल्ले बांधायला घेतले, बाहेरून मजूर आणि सैनिक आले, आणि बेटाची भाषा अल्पसंख्य झाली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा येण्याआधी जवळजवळ सगळं बेट रिकामं करण्यात आलं. लोक परतले ते डिसेंबर १९४५ मध्ये, साडेपाच वर्षं इंग्लंडमध्ये काढून. मुलं इंग्रजी बोलत आली. १९६० च्या सुमारास ऑल्डर्नीची नॉर्मन संपली.

युद्धाने गर्न्सीतही तेच केलं. शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने इंग्लंडला पाठवलं होतं, आणि ती परतली तेव्हा अनेकांना आजी-आजोबांची भाषा परकी झाली होती. दुसरीकडे, जे बेटांवर मागे राहिले त्यांना पाच वर्षांच्या जर्मन ताब्यात या भाषेने मोठी साथ दिली. जर्मनांकडे इंग्रजी आणि फ्रेंच जाणणारे दुभाषे होते, पण झेरिये आणि जेर्नेझिये त्यांना कळत नसे. शिपायासमोर उभं राहून मनातलं बोलायची सोय झाली. तरीही युद्धानंतरचे आकडे उतरतेच आहेत. जर्सीच्या १९८९ च्या जनगणनेत झेरिये बोलणारे ५,७२० होते. २००१ मध्ये ते तीन हजारांच्या आत आले. त्याच वर्षी गर्न्सीत अस्खलित बोलणारे १,३२७, त्यांतले बहुसंख्य ६४ च्या पुढचे.

मुख्य भूमीवर गोष्ट सरळ आणि तितकीच कठोर. फ्रान्सने १५३९ मध्येच सरकारी कागदपत्रांत फ्रेंच सक्तीची केली आणि १८८० च्या दशकात सक्तीचं शिक्षण आल्यावर शाळेने गावोगावच्या बोली मागे ढकलल्या. ब्रेटन किंवा बास्कच्या भाषकांना निदान आपली भाषा वेगळी आहे हे सिद्ध करावं लागत नव्हतं. नॉर्मन फ्रेंचसारखी ऐकू येते, आणि तेच तिच्या मुळावर आलं. सेनच्या उत्तरेकडच्या को पठाराची कोश्वा, चीज आणि सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेल्या ओझ प्रदेशाची ओझरों, आणि कोताँताँची बोली या तिच्या मुख्य शाखा; त्यांतली कोताँताँची सर्वांत चिवट. शेर्बुर्गचा आल्फ्रेद रोसेल (१८४१ ते १९२६) याने तिच्यात गाणी रचली. विसाव्या शतकात कोती-कापेल या नावाने लिहिणारा आल्बेर लोइए हा धर्मगुरू स्वतः मासेमारीला जाई, आणि कोताँताँच्या ला आग या खडकाळ टोकावरचं कोळ्यांचं जगणं त्याने नॉर्मन कवितेत आणलं. नॉर्मनमध्ये फक्त विनोदी गावरान चुटके शोभतात, असं मानणाऱ्यांना त्याच्या कवितेने उत्तर दिलं.

जर्सीने अलीकडे बरंच केलं आहे. १९९९ पासून तिथल्या शाळांत झेरिये शिकवली जाते, २०१० च्या नोटांवर रक्कम झेरियेतही छापली गेली, आणि २०१९ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. मुख्य भूमीवर फर्नां लशांतर या अभ्यासकाने सगळ्या बोलींना सांभाळून घेणारी लेखनपद्धती सुचवली होती. बेटं आपापली वर्णरचना धरून आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. 'पेद'मधला तो 'द' लिहायची सोय नसेल तर जर्सीच्या मुलाने शिकायचं काय? एकच प्रमाण नॉर्मन घडवली तर भाषा वाचवण्याच्या नादात ज्या बोली वाचवायच्या त्याच पुसल्या जातील.

एकमेकांचं बोलणं समजण्यात या लेखनभेदाची अडचण येत नाही. दरवर्षी आळीपाळीने जर्सी, गर्न्सी आणि मुख्य भूमीवर 'फेत नूऑर्मांद' हा मेळावा भरतो. तिथे कोताँताँचे, जर्सीचे, गर्न्सीचे लोक आपापल्या बोलीत गाणी म्हणतात, नकला करतात, आणि १२०४ मध्ये वेगळ्या पडलेल्या या किनाऱ्यांवरची माणसं दुभाष्याशिवाय हसतात.